शनिवार पाळणारा बैल

"बैलानं?" रब्बींनी पुन्हा विचारलं.

"बैलानंच," मी म्हणालो. "आमचा ढवळ्या. शुक्रवारी सूर्य समुद्राला टेकला की घाण्यावर जिथं असेल तिथं थांबायचा. मान खाली घालून जू उतरवायचा आणि गोठ्यात जाऊन बसायचा. मग त्याला गूळ दाखवा नाहीतर चाबूक, शनिवारी सांजेपर्यंत उठायचा नाही. पावसाळ्यात सूर्याचं तोंड दिसत नसे, तेव्हा सगळी आळी माझ्या आजोबांकडे विचारायला यायची, ढवळ्या बसला का? बसला म्हटलं की घरोघर शब्बाथची बत्ती लागायची."

वकीलसाहेबांनी हे इंग्रजीत सांगितलं, पण तोंडात कडू औषध धरल्यासारखं. मागच्या बाकांवर बायका खुसुखुसू हसल्या. रब्बी मसऊद हसले नाहीत. त्यांनी विचारलं होतं एवढंच, की पुस्तक नाही, शिकवणारा नाही, तर इतकी शतकं तुमच्या लोकांनी शनिवार लक्षात ठेवला कसा? आता प्रश्न असा आला की उत्तरही त्याच तोलाचं द्यावं लागतं.

हे सगळं चाललं होतं आमच्या मशिदीत. सिनेगॉगला आम्ही कोकणातले बेने इस्रायल मशीदच म्हणतो. गाव अलिबागच्या खाली, समुद्राला लागून. नाव सांगत नाही, का ते पुढे कळेल. मी तिथला हजान, म्हणजे प्रार्थना चालवणारा. पोटाला तेलाचा घाणा. शनिवारी घाणा बंद, म्हणून गाव आम्हाला शनिवार तेली म्हणायचं. आणि मला म्हणायचं थापाड्या बुनाजी. दोन्ही नावं खरी.

इस्रायल नवा देश झाला आणि आमची अर्धी आळी बोटीत बसून तिकडे गेली. गेल्यावर कळलं की तिथले काही रब्बी आमच्या पोरांची लग्नं लावायला कां-कूं करतात. तुमची आजी कोण, पणजी कोण, मधेच कोणी बाहेरची मिसळली का? आमच्यात कूळ आईकडून चालतं. आई ज्यू तर लेकरू ज्यू. हे तिथल्या लोकांनी आम्हाला शिकवावं अशी वेळ आली होती.

आमच्या दिनाचं लग्न असंच अडकलं होतं. तिला आईबाप नव्हते. आईच्या आईनं, मिल्कामावशीनं, तिला वाढवलं. नवरा मुलगा बेरशेबाला कारखान्यात होता. सगळं ठरलेलं, आणि तिकडच्या कचेरीनं हरकत घेतली: मुलीच्या आईचं कूळ कोण सांगेल? तेवढ्यात रब्बी मसऊद हिंदुस्थानात आले. मोरोक्कोकडचे, दाढी पांढरी, चपला झिजलेल्या. मुंबईहून आमच्यातल्याच वकील कोर्लेकरांना दुभाष्या म्हणून घेऊन गावोगाव फिरत होते. ते हो म्हणाले तर दिना बोटीत बसणार होती. नाही म्हणाले असते, तर एका दिनाचं लग्न मोडून भागलं नसतं. सगळ्या गावाकडे बोट दाखवलं गेलं असतं.

"रब्बीसाहेब," वकील मराठीतच म्हणाले, मला ऐकू यावं म्हणून, आणि मग इंग्रजीत, "हा माणूस तालुक्यातला पहिल्या नंबरचा थापाड्या आहे. याची साक्ष घेऊ नका."

रब्बींनी मान हलवली. उठले. समोरच्या हेखालापाशी गेले. हेखाल म्हणजे आमचं तोराचं कपाट, मखमली पडद्याआडचं. त्यांनी पडदा सारला, दारं उघडली, आणि मला बोटानं जवळ बोलावलं.

"इथं उभा राहून सांग," वकिलांच्या तोंडून ते बोलले. "या मुलीच्या आजीचं कूळ काय?"



माझ्या बापानं हजानपण माझ्या गळ्यात घातलं तेव्हा एकच अट घातली होती. बाहेर काय वाटेल ते बोल, बुनाजी. तुझी जीभ मला माहीत आहे. पण हेखाल उघडं असताना एक शब्द वाकडा बोलू नकोस. आणि त्याच दिवशी त्यानं मला ती गोष्ट सांगितली होती. ती सांगणारी जुनी माणसं आता कुणी उरली नव्हती.

मागे बायकांत मिल्कामावशी बसली होती, दिना तिला चिकटून. गप्प बसावं, तर गप्प बसणं हेच उत्तर झालं असतं. मी खाकरलो.

"एक मचवा फुटला," मी म्हणालो.

वकिलांनी डोळे मिटले.

"खडकांवर फुटला, तुफानात. कुठला मचवा, कुणाचा, कुणाला ठाऊक नाही. सकाळी माझा बाप वाळूत गेला तर एक बाई मरून पडलेली. उंडीच्या झाडाखाली त्यानं तिला मूठमाती दिली. आणि खडकाच्या खोबणीत एक तान्ही पोर, जिवंत. कमरेला चांदीचा करगोटा, त्याला ओवलेली एवढीशी चांदीची मासोळी. शेजारी हसाजी तेली आणि त्याची बायको. त्यांना मूल नव्हतं. बापानं पोर उपरण्यात गुंडाळून त्यांच्या घरी नेऊन दिली. ती आमच्यात वाढली, आमच्यात नांदली, तिला लेक झाली, नात झाली. हे खरं आहे."

वकिलांनी सांगितलं. रब्बी ऐकत होते, पण त्यांची नजर माझ्यावर नव्हती. माझ्या खांद्यावरून मागे, बायकांच्या बाकाकडे होती. मग एकाएकी ते हसू लागले. मोठ्यानं, दाढी हलेपर्यंत.

"सकाळी यानं मला सांगितलं," ते म्हणाले, "की तुमचे पूर्वज जहाज फुटून या किनाऱ्याला लागले. सात जोडपी वाचली, बाकीचे वाळूत पुरले. आता दुपारी आणखी एक जहाज फुटलं. संध्याकाळपर्यंत थांबलो तर इथं लाकूडच लाकूड होईल."

सगळी मशीद हसली. वकील सगळ्यांत जास्त, सुटल्यासारखे. "पुढचं विचारू नका साहेब, ती पोर मासोळी होऊन पोहत गेली म्हणेल."

रब्बींनी हेखालाची दारं लावली, पडदा ओढला. मी घाम पुसला. एक शब्द खोटा बोललो नव्हतो, आणि एकाही शब्दावर कुणाचा विश्वास बसला नव्हता. आयुष्यभर मारलेल्या थापांचं असं चीज होईल असं वाटलं नव्हतं. खरं सांगतो, मी त्या घटकेला स्वतःवर जाम खूश झालो.

मग मागे बघितलं. दिना हसत होती. मिल्कामावशी हसत नव्हती. तिचा हात लुगड्याच्या निऱ्यांत कमरेशी गेला होता, आणि तिथंच राहिला होता.

तिनं मला विहिरीपाशी गाठलं. रब्बी जेवायला बसले होते, लाँच गाठायची म्हणून टांगा सांगून ठेवलेला.

"बुन्या, मासोळीचं तुला कोणी सांगितलं?"

"कुठली मासोळी मावशी? तोंडात आलं ते बोललो."

तिनं कमरेची चंची सोडली, सुपारीच्या खाली बोट घातलं आणि ती तळहातावर ठेवली. काळी पडलेली, भाताच्या लोंबीएवढी.

"आयनं मरताना दिली. म्हणाली, तुझी आहे, कुणाला दाखवू नकोस. मला वाटलं, चोरीची असेल. एवढी वर्षं मी त्या गरीब बाईला चोर समजले."

मी खाली बघत राहिलो. तिला माहीत असेल असं मी धरून चाललो होतो. बापानं तिला सांगितलं असेल, हसाजीनं सांगितलं असेल, कोणीतरी. कोणीच सांगितलं नव्हतं. सांगितलं ते मी, भर मशिदीत, आणि वर सगळ्यांना हसवलं.

"ती उंडीखालची बाई," ती म्हणाली. "तिथं मी दर पावसाळ्यानंतर उंड्या वेचते. दिव्याच्या तेलासाठी. तुझ्याच घाण्यावर आणते."

"मावशी, बस जरा."

"नको. मला एक सांग. तू हजान आहेस. मी लहानपणापासून शुक्रवारची बत्ती लावते. दारफळणीचा वर्षातला मोठा उपास करते, पाण्याचा घोट नाही. मग ती बत्ती कुणी लावली? बाहेरच्या बाईनं?"

"तू लावलीस."

"मी कोण पण?"

मी विहिरीच्या काठावरचा पोहरा सरळ करून ठेवला.

तिनं चंची बांधली. "मी त्याला सांगणार आहे."

"वेडी झालीस का तू? दिनाचं काय? तो तिकडे पोरगा वाट बघत बसलाय. आणि फक्त दिना नाही, ही सगळी आळी. एक धागा सुटला की ते सगळं लुगडं उसवतील. त्यांना तेवढंच पाहिजे."

"तू त्या उघड्या कपाटासमोर खरं बोललास ना?"

"बोललो. पण त्यांनी ते थापेत काढलं, यात माझा काय दोष?"

"तुझा नाही. तुझं निभावलं. मला थापा मारता येत नाहीत, बुन्या. मी बोलले की लोकांना खरं वाटतं. आणि मी गप्प बसले तर दिना माझ्या खोटेपणावर उभी राहून लग्न लावेल. उद्या तिची पोरं, त्यांची पोरं. सगळी त्यावर उभी."

"तिला विचार तरी."

"तिला विचारलं तर ती माझ्याकडे बघून नको म्हणेल. ते ओझं तिच्यावर टाकू?"

आणि ती चालायला लागली. मी मागून, तिला अडवावं की नाही हे न कळणाऱ्या माणसासारखा.

टांग्यावर ट्रंक चढली होती. रब्बी ओट्यावर उभे राहून दिनाच्या डोक्यावर हात ठेवत होते. मिल्कामावशी थेट त्यांच्यापुढे गेली.

"साहेब, मला बोलायचं आहे."

रब्बींनी हात वर केला. वकिलांना काहीतरी म्हणाले. वकील गोंधळले, त्यांनी घड्याळ दाखवलं. रब्बींनी पुन्हा तेच म्हटलं.

"रब्बीसाहेब म्हणतात," वकील वैतागून म्हणाले, "नवऱ्या मुलीनं लग्नाआधी वाहत्या किंवा समुद्राच्या पाण्यात बुडी घ्यायची असते, ही रीत तुमच्यात आहे ना? मग ती त्यांच्यादेखत आत्ता व्हावी. आणि आजीनं सोबत जावं, पाणी खोल आहे. लाँच चुकली तर मी जबाबदार नाही."

"लग्न अजून लांब आहे," मी म्हणालो.

"तेही मी सांगितलं. ते म्हणतात, समुद्र इथं आहे."

"आधी माझं ऐका," मिल्कामावशी म्हणाली.

"आधी पाणी," रब्बी म्हणाले. "मग ऐकेन. जाण्याआधी ऐकेन, माझा शब्द आहे."

शब्द दिल्यावर ती काय करणार? दिनाला तर गंमतच वाटत होती. दोघी घरात जाऊन सैल पांढरे झगे घालून आल्या. अंगठ्या, बांगड्या, केसातली आकडी, सगळं उतरवा असा वरून निरोप आला. मिल्कामावशीनं चंचीही उतरवली आणि जाताना माझ्या हातात दिली.

ओहोटी होती. आम्ही वाळूत उभे राहिलो. रब्बींनी वकिलांना उजवीकडे घेतलं, मला डावीकडे, आणि सरळ रेघेत उभं केलं, फोटोसाठी करतात तसं. वकिलांचे बूट ओले होत होते. दोघी पाण्यात चालत गेल्या, आजीनं नातीचा दंड धरलेला, की नातीनं आजीचा, ते लाटांत कळेना. मानेएवढ्या पाण्यात थांबल्या.

रब्बींनी ओरडून काहीतरी विचारलं. वकील ओरडले, "शब्बाथ पाळाल का, विचारतात."

दिना म्हणाली, "हो."

मिल्कामावशी पाण्यातून ओरडली, "न पाळून जातो कुठं? आमच्यात बैलसुद्धा पाळतो. विचारा त्या बुन्याला."

वकिलांनी ते जसंच्या तसं सांगितलं. रब्बी हसले नाहीत. आता मात्र अजिबात नाही.

"सण, उपास, खाण्यापिण्याचे नेम? आजपासून सगळं पाळाल?"

"आजपासून म्हणजे?" ती म्हणाली. "जन्मापासून."

"आजपासून म्हणा."

"जन्मापासून पाळते म्हटलं ना."

"तिला सांगा," रब्बी हळू म्हणाले, "की माझ्यासाठी म्हण. मी म्हातारा आहे, मला लाँच पकडायची आहे."

एक लाट त्यांच्या हनुवटीला लागून गेली. मग तिचा आवाज आला, थकलेला, "आजपासून. बस?"

"बस," रब्बी म्हणाले. "आता बुडी. एक केसही वर राहू देऊ नका."

दोघी पाण्याखाली गेल्या. वर आल्या, पुन्हा गेल्या, पुन्हा. रब्बी ओठांत काही पुटपुटत होते आणि शेवटी त्यांनी मोठ्यानं आमेन म्हटलं, मग आम्हा दोघांकडे बघत राहिले, आम्हीही म्हणेपर्यंत. आम्ही म्हटलं. मग त्यांनी आमचे खांदे धरून आम्हाला गावाकडे तोंड करून वळवलं. बायका पाण्यातून बाहेर येताना पुरुषांनी बघू नये.

मिल्कामावशी कोरडं लुगडं नेसून आली तेव्हा टांगेवाला लगाम हातात घेऊन बसला होता. तिच्या केसांतून पाणी गळत होतं. ती टांग्याच्या पुढे, घोड्याच्या तोंडापाशी उभी राहिली.

"आता ऐका. बुन्यानं सांगितली ती गोष्ट खरी आहे. मचव्यावरची ती पोर मी. मी समुद्रातून आले. माझी आई कोण, जात कोण, देव कोण, मला माहीत नाही."

वकिलांचा चेहरा पांढरा झाला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली, त्यातून त्यांना काय कळायचं ते कळलं. "काय म्हणते?" रब्बींनी विचारलं. वकील रागीट होते, गर्विष्ठ होते, पण त्यांनी शब्द गाळला नाही. अडखळत अडखळत सगळं सांगितलं.

रब्बी टांग्यातून थोडे वाकले.

"हो," ते म्हणाले. "ती समुद्रातून आली. आम्ही तिघांनी पाहिलं."

त्यांनी टांगेवाल्याच्या खांद्याला हात लावला आणि टांगा गेला.

मिल्कामावशी रस्त्यात उभी राहिली. "त्याला कळलंच नाही," ती म्हणाली. "आंघोळीचं समजला."

दिना ओसरीवर केस पुसत होती. तिनं यातलं काही ऐकलं नव्हतं.

रब्बींनी तिकडे जाऊन काय सांगितलं कोण जाणे. दिनाची परवानगी आली. ती गेली. आजीला नेण्यासाठी तिनं किती मिनतवाऱ्या केल्या. मिल्कामावशी म्हणाली, मला बोट लागते. ती कधी बोटीत बसलीच नव्हती, निदान आम्हाला आठवतं त्यात.

त्यानंतर ती पाच-सहा वर्षं होती. दर शुक्रवारी बत्ती लावायची, पण काडी पेटवून हात थांबायचा. मी जात-येत बघत असे. काडी बोटापर्यंत जळायची. एकदा म्हणाली, "बुन्या, मी सांगायचं ते सांगितलं. तो ऐकेना, त्याला मी काय करू?" मी म्हटलं, काही करू नकोस. त्याहून शहाणपणाचं मला सुचलं नाही. ती गेली तेव्हा मी तिची हश्काबा, मेलेल्या माणसासाठीची प्रार्थना, म्हटली, आणि "अमक्याची लेक" या ठिकाणी हसाजीचं नाव घेताना माझी जीभ पहिल्यांदा अडखळली.

मलाही तेव्हा कळलं नव्हतं. आमच्या गावात बाहेरून आत कोणी आलंच नव्हतं, निदान सांगून. त्याची रीत मी कुठून बघणार?

बघितली ती बेरशेबाला, दिनाच्या घरी. मी सत्तरीला आलो होतो, तिनं तिकीट धाडून बोलावलं. शुक्रवारची दुपार. दिना बटाटे सोलत होती. तिची सून, इरिना, रशियातून आलेली गोरीपान पोर, तांदूळ निवडत होती. तिला मराठी येत नाही, मला हिब्रू बोलता येत नाही, मध्ये दिना.

"हिला विचार," मी म्हटलं, "ही मूळची आपल्यातली का?"

दिना हसली. "नाही मामा. हिची आई ख्रिस्ती. लग्नाआधी ही रीतसर आपल्यात आली." तिनं सुनेला हिब्रूत काही म्हटलं. सून उत्साहानं सांगायला लागली आणि दिना सोलता सोलता माझ्यासाठी मराठीत म्हणू लागली.

"म्हणते, खूप भीती वाटली. पाण्यात जायचं असतं. तळं, नाहीतर समुद्रही चालतो... अंगावर अंगठीसुद्धा ठेवायची नाही. मानेएवढ्या पाण्यात उभं राहायचं, आणि समोर तीन पुरुष उभे असतात. तीनच लागतात, त्याशिवाय होत नाही. ते विचारतात, शब्बाथ पाळशील का, आजपासून..."

सुरी थांबली.

सून बोलतच होती. दिना आता मराठी करत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती, आणि मी तिच्याकडे. वकील उजवीकडे, हजान डावीकडे. मी तिसरा होतो, आणि मला कुणी सांगितलं नव्हतं.

"बुनामामा," ती म्हणाली. "ती मचव्याची गोष्ट."

मी खिशातून चंची काढली. मिल्कामावशी गेल्यापासून ती माझ्याकडेच होती. दिनाला द्यावी म्हणून आणली होती आणि आठ दिवस दिली नव्हती. तिनं सुपारीच्या जुन्या चुऱ्यात बोट घातलं, मासोळी बाहेर काढली, उलटीपालटी केली.

"आजीला कळलं होतं? रब्बींनी काय केलं ते?"

"नाही. तिला वाटलं, त्यांनी ऐकलंच नाही."

बाहेर शेजारच्या घरांत लगबग वाढली होती. सूर्य उतरत होता. सुनेनं नेहमीप्रमाणे बत्तीचा पेला आणून ठेवला, पाणी, वर तेल, वात. काड्यांची पेटी दिनाच्या हातात दिली. नवरा, मुलगा, सगळे आले आणि उभे राहिले. दिनानं काडी ओढली. आणि तिचा हात थांबला, अगदी तिच्या आजीसारखा. काडी जळत खाली यायला लागली. मुलगा म्हणाला, "आई?"

"मामा," दिना मराठीत म्हणाली, वातीकडे बघत, "बैलाची गोष्ट सांगा."

"आत्ता?"

"आत्ता. मी त्यांना सांगते."

मग मी ढवळ्याचं सगळं सांगितलं. घाणा, गूळ, चाबूक, पावसाळा, आणि आजोबांच्या दारातली माणसं. थोडं वाढवूनच सांगितलं. दिना एकेक वाक्य हिब्रूत करत गेली, आवाज आधी घोगरा, मग साफ. पोरं हसायला लागली. तिनं विझलेली काडी ठेवून दुसरी काढली. इरिना मात्र हसली नाही, तिनं काहीतरी विचारलं.

"म्हणते," दिना म्हणाली, "त्या बैलाला हे शिकवलं कुणी?"

"कुणी नाही," मी म्हणालो. "जन्मापासून तसाच होता."

दिनानं ते तिला सांगितलं, आणि काडी ओढून वातीला लावली.